निवृत्तीच्या पैशाला मंदी वर्ज्य

परभणीच्या मोंढ्यात तेजी-मंदी हे शब्द टीव्हीवर शेअर बाजार दिसू लागण्याच्या कितीतरी आधीपासून रुळलेले आहेत. हातात माल नसताना आजच्या भावाने सोयाबीनचा सौदा करायचा, भाव पडला की स्वस्तात माल उचलून सौदा पुरा करायचा आणि मधला फरक खिशात घालायचा, ही मंदीवाल्याची रीत मानवत-सेलूच्या व्यापाऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. शेअर बाजारात यालाच शॉर्ट सेलिंग म्हणतात. मोबाइलवर डीमॅट खाते उघडलेला नोकरदार मग सहज विचारतो: बाजार पडणार हे दिसत असताना निवृत्तीसाठी एनपीएसमध्ये साठलेल्या पैशातून मंदी का करता येऊ नये?

येत नाही. 1 नोव्हेंबर 2005 पासून राज्याच्या सेवेत आलेल्या शिक्षकाला, तलाठ्याला सहसा जुनी पेन्शन नाही. त्याच्या पगारातून एनपीएससाठी 10 टक्के कापले जातात आणि त्यात सरकार आपला वाटा घालते. मार्च 2023 मध्ये कर्मचारी आठवडाभर संपावर गेले ते याच कारणाने. एनपीएस खात्यात कर्मचाऱ्याच्या नावावर युनिट असतात, शेअर नसतात. फार तर फंड व्यवस्थापक आणि गुंतवणुकीचा प्रकार निवडता येतो. व्यवस्थापकाचेही हात बांधलेलेच: वायदे-ऑप्शन वापरायचे ते असलेल्या शेअरना संरक्षण म्हणून, तेही मर्यादेत. भविष्यनिर्वाह निधी सांभाळणारे ईपीएफओ ऑगस्ट 2015 पासून शेअरकडे वळले, पण निर्देशांकावरच्या ईटीएफमार्फत, म्हणजे बाजारात शेअरसारख्या विकल्या जाणाऱ्या फंडांमार्फत. पीपीएफचा तर बाजाराशी संबंधच नाही.

या बंदीमागे सरकारी सोवळेपणा आहे असे मला वाटत नाही. कारण हिशेबात आहे. 500 रुपयांचा शेअर विकत घेतला तर बुडून बुडणार 500. तोच आधी विकला आणि 1500 वर गेला तर 1000 रुपयांचे देणे झाले, आणि भाव 1500 वर थांबेलच असे नाही. अशा सौद्यात दलालाला तारण लागते, तोटा वाढला की आणखी पैसे मागण्याचा आणि न दिल्यास वसूल करण्याचा हक्क लागतो. निवृत्तीचा पैसा बांधलेला असतो तो नेमका उलट हेतूने. पीपीएफमधली रक्कम सावकाराच्या देण्यापोटी न्यायालयालाही जप्त करता येत नाही. ज्याला देणेकऱ्याचा हात लागू नये म्हणून कुंपण घातले, त्याच्या भरवशावर अमर्याद देण्याचा सौदा कोण करील?

मग स्वतःच्या डीमॅटमधून? बाजाराची नियामक असलेल्या सेबीची बंदी आहे ती शेअर देण्याची सोय न करता विकून मोकळे होण्यावर. सामान्य गुंतवणूकदाराने सकाळी विकलेले त्याच दिवशी परत घ्यावे, नाहीतर 2008 पासून चालू असलेल्या शेअर उसनवारीच्या व्यवस्थेतून शेअर आणून द्यावेत. शेअरला वरचे सर्किट लागले की विकणाराच उरत नाही. मग एक्स्चेंज लिलावात शेअर घेते आणि त्याची किंमत आपल्या माथी मारते. हा अनुभव एकदा पुरतो म्हणतात. शिवाय 1979 च्या महाराष्ट्र नागरी सेवा वर्तणूक नियमांनुसार सरकारी कर्मचाऱ्याला शेअरचा सट्टा मुळातच वर्ज्य आहे, आणि प्राप्तिकर खाते एका दिवसातल्या अशा नफ्याला सट्ट्याचेच उत्पन्न धरते. म्हणजे परभणीच्या गुरुजींना दोन्ही दारे बंद.

परभणीहून अमेरिकेत गेलेल्या इंजिनिअर मुलाला वाटते, आपल्याला तरी मोकळीक असेल. तिथल्या आयआरए या निवृत्तीच्या खात्यात कुठला शेअर घ्यायचा ते खातेदार स्वतः ठरवतो, हे खरे. पण शॉर्ट सेलिंग मार्जिन खात्यातूनच, म्हणजे दलालाकडे तारण ठेवूनच होते, आणि आयआरए तारण ठेवले की तेवढा भाग काढून घेतला असे तिथला कर कायदा मानतो. त्यावर कर, आणि वय साडेएकोणसाठच्या आत असेल तर बहुधा 10 टक्के दंडही. म्हणून दलाल अशी विक्री स्वीकारत नाहीत. पुट ऑप्शन (ठरलेल्या भावाने विकण्याचा हक्क) किंवा उलट्या चालीचे ईटीएफ मात्र घेता येतात, कारण गुंतवले त्यापलीकडे तोटा जात नाही. या ईटीएफची खोच अशी की त्यांचा हिशेब रोज नव्याने मांडला जातो. निर्देशांक 100 वरून 90 वर आला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा 100 झाला, तर उलटा ईटीएफ 110 वर जाऊन 97.8 च्या आसपास उतरतो. बाजार होता तिथेच, खिशातले दोन रुपये गेले.

गंमत अशी की खातेदाराला मंदी वर्ज्य असली तरी त्याच्या पैशातून घेतलेले शेअर मंदीवाल्याच्या हाती जाऊ शकतात. अनेक परदेशी निर्देशांक फंड भाडे घेऊन शेअर उसने देतात आणि ते भाडे बहुतांशी फंडात जमा होते. जपानच्या प्रचंड सरकारी पेन्शन फंडाने, जीपीआयएफने, डिसेंबर 2019 मध्ये परदेशी शेअर उसने देणे थांबवले. उसने गेलेल्या शेअरचा मताधिकार आपल्या हातात राहत नाही आणि घेणारा ते कशासाठी वापरतो हे कळत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. भाड्याच्या उत्पन्नावर त्यांनी पाणी सोडले.