शब्दांचा आडपडदा

मैत्रिणींनो, एक गंमत तुमच्या ध्यानात आली आहे का? आजकाल आपल्याकडे कुणी वारत नाही, 'एक्स्पायर' होतं! खोकल्याच्या औषधाची बाटली एक्स्पायर होते आणि चुलतसासरेही एक्स्पायर होतात. घटस्फोट कुणाचा होत नाही, 'डायव्होर्स' होतो. कर्करोग म्हणायला जीभ रेटत नाही, 'कॅन्सर'सुद्धा हलक्या आवाजात. आणि पाळी? तिला तर कुणी 'एम.सी.' म्हणतं, कुणी 'पिरियड्स', आणि मुली नुसतंच 'प्रॉब्लेम आलाय' म्हणून मोकळ्या होतात.

इंग्रजीला नावं ठेवायला मी बसलेली नाही हं. अवघड गोष्टीवर पांघरूण घालायची सवय आपल्याला इंग्रजांनी लावली नाही, ती आपली घरचीच. बांगडी फुटली तरी 'वाढवली' म्हणायचं, दुकान बंद करायचं तेही 'वाढवायचं'. निघताना 'जाते' नाही, 'येते' म्हणायचं. साप चावला तर 'पान लागलं'. अंगावर फोड उठवून माणसं मारणारा तो भयंकर रोग, त्याला आपण 'देवी' म्हणून हात जोडले, आणि लस टोचण्याला 'देवी काढणं'! पाळीला तर 'कावळा शिवला', 'बाहेरची आहे', 'बाजूला बसली', नावं मोजता मोजता हाताची बोटं संपतील. पूर्वी पडदा गावठी नाहीतर संस्कृत होता, आता इंग्रजी आला, इतकंच.

बरं, पडदाही फार दिवस टिकत नाही. परसाकडे जाणं लाजिरवाणं झालं म्हणून संडास आला, संडास ओंगळ वाटला म्हणून लॅट्रिन, मग टॉयलेट, आता वॉशरूम. जागा तीच, वासही तोच! सरकारने 1968 साली कुटुंबनियोजनासाठी 'निरोध' बाजारात आणला. नाव किती सोवळं! पण थोड्याच वर्षांत तोही शब्द दुकानात उच्चारायची चोरी झाली.

तरी काही ठिकाणी हे परके शब्द आपल्याला पावले आहेत, हे मान्य करायला हवं. 'वांझ' हा शब्द घ्या. तो बाईलाच लागतो, पुरुषाला लागत नाही, आणि लागला की जन्माचा चिकटतो. 'इन्फर्टिलिटी' म्हटलं की दोघांच्याही तपासण्या होतात. 'वेड लागलंय' म्हटलं की घर दार लावून घेतं. 'डिप्रेशन' म्हटलं की निदान डॉक्टरांची वेळ तरी घेतली जाते. ज्या शब्दाने तोंड उघडतं तो कुठल्याही भाषेतला असो, चालेल की!

पण ज्या शब्दाने तोंड बंद होतं त्याचं काय? डॉक्टरांपुढे बसलेली बाई आठवा. 'काय होतंय?' 'खाली जरा प्रॉब्लेम आहे.' 'कसला?' 'अंगावरून जातंय.' आता अंगावरून काय जातं? पांढरं जातं, लाल जातं, पाण्यासारखं जातं. पाळीत जातं, की पाळी नसतानाही जातं? खाज आहे का, वास आहे का? संबंधानंतर रक्त दिसतं का? या प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरावर औषध बदलतं. आणि आपण पदर सावरत 'प्रॉब्लेम'च्या पुढे सरकत नाही. बरोबर आलेल्या नणंदेसमोर तर नाहीच नाही.

याहून मोठा घोटाळा एका शब्दाने केला आहे, 'सर्व्हायकल'. आपल्याकडे 'मला सर्व्हायकलचा त्रास आहे' म्हणजे मान दुखते, पट्टा लावायचा, उशी काढून टाकायची. आता गावात फलक लागला की 'सर्व्हायकल कॅन्सरची तपासणी', तर ज्या बाईची मान ठणठणीत आहे ती कशाला तिकडे फिरकेल? मूळ लॅटिन शब्द आहे 'सर्व्हिक्स', म्हणजे मान. गळ्याची मान तीच, आणि गर्भाशयाच्या खालच्या निमुळत्या भागालाही त्यांनी मानच म्हटलं. आपण त्याला तोंड म्हणतो, 'गर्भाशयमुख', नाहीतर सरळ 'पिशवीचं तोंड'. आता सांगा, कुठला शब्द बाईला लवकर उमजेल?

हा रोग भारतीय बायकांत स्तनांच्या कर्करोगाच्या खालोखाल आढळतो. तो एच.पी.व्ही. नावाच्या विषाणूमुळे होतो आणि फार सावकाश वाढतो, म्हणून वेळीच सापडला तर आवरतो. तपासणीही काही भयंकर नाही. मुंबईत टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी 1998 पासून झोपडपट्ट्यांतल्या सुमारे दीड लाख बायकांना घेऊन एक मोठा प्रयोग केला. दहावी शिकलेल्या मुलींना शिकवून तयार केलं. पिशवीच्या तोंडाला पातळ केलेलं अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे आपलं व्हिनेगरच म्हणा ना, लावायचं आणि पांढरा डाग उठतो का ते मिनिटभराने बघायचं. 2013 साली निष्कर्ष जाहीर झाले. ज्यांची तपासणी होत राहिली त्यांच्यात या रोगाने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले होते. तिशी उलटलेल्या प्रत्येकीने ही तपासणी करून घ्यावी, सरकारी दवाखान्यातही ती होते. मुलींना नऊ ते चौदा या वयात लस देता येते.

हे सारं मराठीत बोलता येत नाही असं कुणी म्हणालं, तर र. धों. कर्व्यांचं नाव सांगा. गणिताचे प्राध्यापक. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि 1927 पासून 1953 साली मृत्यू येईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवलं, तेही आपल्या मराठीत! त्यापायी नोकरी गेली, अश्लीलतेचे खटले भरले गेले, 1934 च्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. शब्द तेव्हाही होते. आपल्याला ते नकोसे होते, एवढंच.

लेकीला पहिल्यापासून अवयवांची खरी नावं सांगा. हात, पाय, पोट, योनी, छाती, त्याच सुरात. 'शेम शेम' म्हणून हात झटकला की उद्या कुणी नको तिथे हात लावला तरी ती पोर सांगणार कोणत्या शब्दांत? 'पिरियड्स' म्हणू दे तिला खुशाल, पण रक्त कुठून येतं आणि का येतं हे तिला ठाऊक हवं.

आणि स्वतःसाठी एक सोपी युक्ती. दवाखान्यात जाण्याआधी रात्री कागदावर लिहून काढा: शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली, किती दिवस टिकली, दिवसाला किती पॅड लागले, गाठी पडतात का, पांढरं जातं त्याचा रंग-वास कसा, दुखतं कुठे. तोंडाने बोलवत नसेल तर तो कागदच डॉक्टरांपुढे ठेवा. सासूबाईंनाही विचारा. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा थेंबभर जरी रक्त दिसलं, तर 'उष्णतेने झालं असेल' म्हणून सब्जाचं पाणी देत बसू नका, त्याच आठवड्यात त्यांना डॉक्टरांकडे न्या.