सुई हलली, पण खाली काय आहे?

मोबाइलमधलं कंपास अॅप उघडा आणि फोन घरातल्या लोखंडी कपाटाजवळ न्या. सुई भरकटते ना? फोनमधल्या छोट्याशा सेन्सरला कपाटातलं लोखंड जाणवतं. असंच, पण याहून कितीतरी संवेदनशील यंत्र विमानाला लावून भूगर्भशास्त्रज्ञ उभ्या-आडव्या फेऱ्या मारतात. आजूबाजूपेक्षा आकडा जिथे एकदम वेगळा येतो, ती मॅग्नेटिक अॅनोमली.

अशीच एक अॅनोमली साऊथ ऑस्ट्रेलियातल्या लेक टॉरेन्सखाली आहे. नाव लेक असलं तरी पाणी क्वचितच असतं. एरवी सुमारे दोनशे किलोमीटर लांब पसरलेलं नुसतं मीठ आणि चिखल. 1991 पासून हे नॅशनल पार्क आहे, तरी तिथे खनिजं शोधायला कायद्याने पूर्ण बंदी नाही. (हो, मीही दोनदा वाचलं.)

कंपन्यांचा जीव या मिठाच्या तळ्यात का अडकलाय, ते शेजारी बघितलं की कळतं. 1975 मध्ये चुंबकीय आणि गुरुत्वीय अॅनोमलीचा माग काढत ऑलिम्पिक डॅमला ड्रिल केलं, तेव्हा साडेतीनशे मीटर खाली तांबं, सोनं आणि युरेनियमचा प्रचंड साठा लागला. 2005 मध्ये तलावाजवळच्याच कॅरापटीनाला पुन्हा तांबं सापडलं, तेही जवळपास 470 मीटर खोल.

पण गंमत बघा, तांबं चुंबकाला चिकटतच नाही! देवघरातल्या तांब्याला चुंबक लावून पाहा. विमानातल्या यंत्राला कळतं ते मॅग्नेटाइट, म्हणजे लोहाचं खनिज. त्याच्यासोबत कधी तांबं असतं, कधी नुसतंच लोह. म्हणजे अॅनोमली हा फक्त संशय. तो खरा की खोटा, हे ड्रिल केल्याशिवाय कळत नाही. विमान वरून गेलं तर तलावाला ओरखडाही उठत नाही. ड्रिलसाठी मात्र तलावात उतरावं लागतं.

आणि भांडण तिथेच आहे. कोकाथा, बार्नगार्ला, अदन्यामथन्हा, कुयानी या आदिवासी समाजांसाठी हा तलाव पवित्र आहे. तिघांनी त्यावर हक्क सांगितला होता, 2016 मध्ये कोर्टाने तिघांचेही दावे फेटाळले. पण जमिनीवरचा हक्क वेगळा आणि वारसास्थळाचं संरक्षण वेगळं. वारसा कायदा लागू होताच. तरीही त्याच कायद्यातली तरतूद वापरून प्रीमियर स्टीव्हन मार्शल यांनी शोधकामाला परवानगी दिली, ती 2021 च्या सुरुवातीला जाहीर झाली. आदिवासी व्यवहार खातंही त्यांच्याकडेच होतं! जेमतेम सात-आठ महिन्यांपूर्वी वेस्टर्न ऑस्ट्रेलियात रिओ टिंटोने जूकान गॉर्जमधल्या, 46 हजार वर्षांपूर्वीच्या मानवी वावराच्या खुणा असलेल्या गुहा स्फोटाने उडवल्या होत्या. तिथेही कायदेशीर परवानगी होतीच.

तुम्ही म्हणाल, तांबं नको तर चार्जर कशाचा बनवायचा? प्रश्न बरोबर आहे, माझ्याही टेबलावर दोन चार्जर आहेत. ई-बाइक, सोलर, सगळ्याला तांबं लागतं. पण इथे अजून तांब्याचा साठा सिद्धच झालेला नव्हता. नुसत्या संशयासाठी कुणाच्या देवस्थानात ड्रिल न्यायचं, तर निदान त्यांचा होकार हवा की नको? मला वाटतं, हवाच.

बार्नगार्ला समाज कोर्टात गेला आणि ऑगस्ट 2022 मध्ये कोर्टाने ती परवानगी रद्द केली.