आधी बातमी, मग हसू

‘बॅड मंकी’ ही मालिका ऑगस्ट 2024 मध्ये ओटीटीवर आली आणि पुढे तिच्या दुसऱ्या सीझनची घोषणाही झाली. व्हिन्स वॉनचा तो बडबड्या, खात्याबाहेर काढलेला पोलीस यान्सी आता आपल्याकडेही ओळखीचा आहे. पण ज्यांच्या 2013 च्या कादंबरीतून तो आला, त्या कार्ल हायसन यांची ओळख ‘विनोदी थरारकथा लिहिणारे अमेरिकन लेखक’ एवढ्यावरच आटोपते. ही ओळख अपुरी आहे. हायसन आधी बातमीदार आहेत, आणि त्यांचा विनोद समजून घ्यायचा तर सुरुवात तिथूनच करायला हवी.

त्यांचा जन्म 1953 चा, फ्लोरिडातल्या प्लँटेशन या गावातला. तेव्हा हे गाव एव्हरग्लेड्सच्या अफाट पाणथळ प्रदेशाला अगदी लागून होतं. दिवसभर सापांच्या, माशांच्या मागे हिंडणाऱ्या या मुलाच्या डोळ्यांदेखत तिथे बुलडोझर आले आणि रानाच्या जागी कॉलन्या आणि मॉल उभे राहिले. सर्व्हेवाल्यांनी जमिनीत ठोकलेल्या खुंट्या तो आणि त्याचे मित्र उपटून टाकत. बांधकाम काही थांबलं नाही, पण तो राग आयुष्यभर पुरला. पुढे ‘हूट’ (2002) या किशोर कादंबरीत जमिनीत बिळं करून राहणाऱ्या घुबडांसाठी मुलं पॅनकेकच्या दुकानाचं बांधकाम अडवतात, ते याच अनुभवातून आलं. त्या पुस्तकाला न्यूबेरी ऑनर हा बालसाहित्यातला मानाचा सन्मान मिळाला.

फ्लोरिडा विद्यापीठातून पत्रकारितेची पदवी घेऊन, एका छोट्या दैनिकात उमेदवारी करून, 1976 मध्ये ते ‘मायामी हेरल्ड’मध्ये दाखल झाले. ते मायामी कोकेनचं, 1980 मध्ये क्यूबातून आलेल्या सव्वा लाख निर्वासितांचं आणि जमिनीच्या बेफाम व्यवहारांचं होतं. हेरल्डच्या शोधपत्रकारिता विभागात असताना हायसन यांनी सहकाऱ्याबरोबर एका प्रकल्पाचा पाठपुरावा केला: की लार्गो बेटाच्या उत्तर टोकाला होऊ घातलेली ‘पोर्ट बोगनव्हिला’ ही आलिशान वसाहत. दुर्मिळ झाडं, मगरी, नामशेष होत चाललेली फुलपाखरं असलेल्या जंगलात हा घाट घातला होता. वर्तमानपत्राने व्यवहार चव्हाट्यावर आणला, पर्यावरण कार्यकर्ते लढले, शेवटी पैशाचं गणितही कोसळलं. आज तिथे सरकारी संरक्षित उद्यान आहे. रस्त्यालगत वसाहतीची डौलदार कमान तेवढी उभी आहे, आणि तिच्या आत घरांऐवजी जंगल आहे. बातमीने काय होतं, असं विचारणाऱ्यांनी ही कमान पाहावी.

मात्र अशी दाद दरवेळी मिळत नाही. दहा प्रकरणं उघड करावीत, त्यातली बहुतेक फायलीत विरावीत, हा प्रत्येक बातमीदाराचा अनुभव आहे. हायसन यांच्या कादंबऱ्या मला इथेच सुरू झालेल्या दिसतात. बिल मोंटाल्बानो या सहकाऱ्याबरोबर तीन सरधोपट थरारकथा लिहून झाल्यावर 1986 मध्ये ‘टुरिस्ट सीझन’ आली. तिच्यात पर्यटकांना फ्लोरिडातून पळवून लावण्यासाठी एक स्तंभलेखकच दहशतवादी टोळी काढतो. शहराच्या व्यापारी मंडळाचा प्रमुख सुटकेसमध्ये कोंबलेला सापडतो, घशात पर्यटकांसाठी विकली जाणारी रबरी मगर! पुढच्याच वर्षी ‘डबल व्हॅमी’त स्किंक अवतरला: एकेकाळचा राज्यपाल, बिल्डरांची लाच नाकारून पद सोडणारा, मग रानात राहून रस्त्यावर गाड्यांखाली मेलेल्या प्राण्यांवर गुजराण करणारा. हा अचाट माणूस हायसन यांच्या वाचकांचा सर्वांत लाडका आहे, कारण लाच नाकारणारा राज्यपाल ही त्यांना हवीहवीशी वाटणारी गोष्ट आहे. वर्तमानपत्रात जो बिल्डर सुटतो, त्याला कादंबरीत मात्र शिक्षा होते.

कादंबऱ्या खपू लागल्यावरही त्यांनी नोकरी सोडली नाही, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. 1985 मध्ये सुरू झालेलं त्यांचं सदर मार्च 2021 पर्यंत चाललं. आमदार, साखर कंपन्या, डिस्ने, कोणालाही त्यांनी सोडलं नाही. सदराने कादंबरीला कच्चा माल पुरवला. ‘स्क्वीझ मी’ (2020) मध्ये पाम बीचवरच्या धनाढ्य वृद्धेला अजगर गिळतो. हा बर्मी अजगर लेखकाच्या डोक्यातून आलेला नाही. हौशी लोकांच्या पिंजऱ्यांतून सुटलेल्या या परदेशी अजगरांनी एव्हरग्लेड्समधले ससे आणि रॅकून जवळपास फस्त केले आहेत. ‘बास्केट केस’ (2002) मध्ये तर वर्तमानपत्रच विषय झालं. मालकाचा भर सभेत पाणउतारा केल्याबद्दल मृत्युलेखांच्या टेबलावर हाकलला गेलेला बातमीदार हा तिचा नायक. नफ्यासाठी माणसं कमी करणारी, पानं पातळ करणारी मालकी कशी असते, हे त्या कादंबरीइतकं नेमकं मी फार थोड्या ठिकाणी वाचलं आहे.

28 जून 2018 रोजी मेरीलँडमधल्या अ‍ॅनापोलिस इथे ‘कॅपिटल गॅझेट’ या वर्तमानपत्राच्या कार्यालयात एका बंदूकधाऱ्याने पाच जणांचा जीव घेतला. त्यात उपसंपादक आणि स्तंभलेखक रॉब हायसन होते, कार्ल यांचे धाकटे भाऊ. ‘स्क्वीझ मी’ त्यांनाच अर्पण केली आहे. एवढ्या आघातानंतर दोन वर्षांत आलेलं ते पुस्तक खदखदून हसवतं, आणि मे 2025 मध्ये आलेली ‘फीव्हर बीच’ही वर्णद्वेषी टोळ्या आणि भ्रष्ट राजकारणी यांना तितक्याच जोमाने झोडपते. विनोदाला पलायन म्हणणाऱ्यांना हे उत्तर पुरे आहे.

माझा निष्कर्ष सरळ आहे: महानगरपालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या सभेला वही घेऊन बसणारा बातमीदार उरला नाही, तर उद्या असा विनोदी कादंबरीकारही निर्माण होणार नाही. हशा पिकवायला आधी कोणीतरी सत्य खणून काढावं लागतं. मालिका जरूर बघा, पण घरातल्या मुलांच्या हातात ‘हूट’ द्या, स्वतः ‘टुरिस्ट सीझन’पासून सुरुवात करा, आणि आपल्या गावाच्या बातम्या देणारं वर्तमानपत्र विकत घेऊन वाचा.