आतले दरवाजे निवडताना: ठोकून बघा, कडा बघा, उघडतो कुठे ते बघा

(एपिसोड ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढलीये, बाकी तसंच ठेवलंय.)

विषय ऐकून काहीजण म्हणतील, दरवाजात काय एवढं सांगण्यासारखं? पण बघा, घराचं काम निघालं की टाइल्सवर महिनाभर चर्चा होते आणि दरवाजे शेवटच्या दिवशी व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवरून ठरतात. मग जुलै आला की बेडरूमचं दार खांद्याने ढकला! मेन डोअरचं आज बाजूला ठेवू. फक्त आतले दरवाजे.

आत काय भरलंय?

आपल्याकडे फ्लॅटमध्ये बहुतेक फ्लश डोअर असतं. बाहेरून सपाट, वर लॅमिनेट किंवा व्हिनिअर. खरा फरक आत असतो. सॉलिड कोअर म्हणजे आत लाकडी पट्ट्या एकमेकींना चिकटवून भरलेल्या. हॉलो कोअर म्हणजे बाजूने लाकडी चौकट आणि मध्ये बरीचशी पोकळी.

ओळखायचं कसं? बोटाने ठोका, पण मधोमध ठोका. कडेला लाकूड असतंच, त्यामुळे तिथे पोकळ दारसुद्धा भरीव वाजतं. मग एका बाजूने उचलून बघा. ७ बाय ३ फुटांचं भरीव दार एकट्याला सहज उचलत नाही.

पोकळ दार वाईटच असतं असं नाही. स्टोअर रूमला चालतं. पण बेडरूममध्ये कुणी ऑनलाइन मीटिंगला बसणार असेल, किंवा दारामागे ओल्या टॉवेलचा हुक ठोकायचा असेल, तर भरीवच घ्या. जाडी ३० ते ३५ मिलिमीटर असू द्या. लॉक दाराच्या पोटात बसवायचं असेल तर पातळ दारात दोन्ही बाजूंना लाकूड उरतच नाही. आणि आयएसआय मार्कसोबत 'आयएस २२०२' हा आकडा शोधा, लाकडी फ्लश डोअरचं भारतीय मानक ते आहे.

एक शब्द मात्र जपून ऐका: 'वॉटरप्रूफ'. बऱ्याचदा त्याचा अर्थ एवढाच असतो की आतला गोंद पाण्याने सुटत नाही. लाकूड पाणी पिणारच!

पावसाळ्यात दार का अडकतं?

लाकूड हवेतली ओल शोषतं आणि रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं. लांबीत जवळपास फरक पडत नाही. ही ओल जास्त करून कडांमधून शिरते. सुतार दार बसवताना खालून थोडं तासतो, तिथे कोरं लाकूड उघडं पडतं आणि तिथे रंग कुणी मारत नाही, कारण दिसत नाही ना!

म्हणून दार चौकटीत चढवण्याआधीच वरची कड, खालची कड आणि लॉकसाठी पाडलेलं भोक, सगळीकडे सीलर किंवा रंग मारून घ्या. दार आधीच बसलंय? मोबाइल वर धरून वरच्या कडेचा फोटो काढा. कोरं लाकूड दिसलं तर खालीही तेच असण्याची शक्यता आहे.

आणि दार अडकलं की लगेच रंधा मारायला बोलावू नका. आधी बिजागरीचे स्क्रू आवळा. कितीतरी वेळा दार फुगलेलं नसतं, नुसतं लोंबलेलं असतं. ऑगस्टमध्ये तासलेल्या दाराला उन्हाळ्यात मोठी फट पडते.

बाथरूमचा हिशोब वेगळा

इथे लाकूड टाळलेलंच बरं. पीव्हीसी स्वस्त आणि हलकं, पण स्क्रू लवकर ढिले होतात. एफआरपी म्हणजे फायबरचं दार, जास्त मजबूत. डब्ल्यूपीसी म्हणजे लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक एकत्र, जड असतं आणि स्क्रू धरून ठेवतं. पण दार चांगलं आणि चौकट लाकडी असेल तर ती खालून कुजते. म्हणून आपल्याकडे बाथरूमला ग्रॅनाइटची चौकट लावतात. बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्याच घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं: उघडतं कुठे?

घरात आजी-आजोबा असतील तर हे नीट ऐका. बाथरूमचं दार आत उघडणारं असेल आणि माणूस आत घसरून दाराला टेकून पडला, तर बाहेरून ढकलता येत नाही. जोर लावला तर त्यालाच लागतं. पॅसेजमध्ये जागा असेल तर दार बाहेर उघडणारं करा, नाहीतर सरकतं. आतून साध्या कडीऐवजी असं लॉक लावा जे बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येतं. खर्च थोडा, पण दार तोडायची वेळ येत नाही.

रुंदीही मोजा. अडीच फुटांच्या भोकातून चौकट वजा केली की जेमतेम २५ इंच उरतात. बऱ्याच व्हीलचेअर त्यात अडकतात. चौकटीच्या आतलं माप ३२ इंचांच्या पुढे मिळालं तर उत्तम. हे ठरवायचं भिंत बांधताना, नंतर तोडफोड आली. बेडरूमचं दार उघडल्यावर स्विचबोर्ड झाकत नाही ना, हेही इलेक्ट्रिशियन यायच्या आधी बघा.

नवा फ्लॅट घेताय?

करारासोबत स्पेसिफिकेशनची यादी असते. तिथे नुसतं 'उत्तम दर्जाचे दरवाजे' लिहिलं असेल तर प्रकार आणि जाडी लिहून मागा. ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत कारागिरीतला किंवा दर्जातला दोष कळवला, तर रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार बिल्डरने तो ३० दिवसांत विनाखर्च दुरुस्त करून द्यायचा असतो. दाराचा थर सुटायला लागला तर फोटो काढा आणि ईमेलने कळवा. तोंडी सांगितलेलं नंतर सिद्ध करता येत नाही.

तर मंडळी, आज घरी गेल्यावर एकच काम करा: बाथरूमचं दार कुठे उघडतं आणि बाहेरून उघडता येतं का, ते बघा. आणि ज्यांच्या घरी काम चालू आहे त्यांना हा एपिसोड पाठवा, सुतार यायच्या आधी!