सच्छिद्र अधिशोषक रेझिने
ज्यांच्या अंतर्भागात कायम टिकणारी छिद्रे असतात व ज्यांच्या पृष्ठावर विशिष्ट धातूंचे आयन (विद्युत् भारित अणू वा अणुगट) पकडणारे रासायनिक गट जोडलेले असतात, अशी मण्यांच्या रूपातील कृत्रिम बहुवारिके. कारखान्यांतील वापरलेल्या विद्रावांत अत्यल्प प्रमाणात उरलेले विरल धातू परत मिळविण्यासाठी ती वापरतात.

कृत्रिम आयन-विनिमय रेझिने १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये बी. ए. ॲडम्स व ई. एल. होम्स यांनी पुढे आणली. सुरुवातीच्या जेलरूप रेझिनांत पाण्याने फुगल्यावरच आत जाण्यास वाट होई; त्यामुळे मोठे आयन फार सावकाश शिरत. पुढे एकवारिकांत असा द्रव मिसळण्यात येऊ लागला की, ज्यात एकवारिके विरघळतात. पण तयार होणारे बहुवारिक विरघळत नाही. मणी घट्ट झाल्यावर हा द्रव धुऊन काढला की, त्याच्या जागी छिद्रे राहतात. मात्र छिद्रे फार वाढविल्यास मणी ठिसूळ होतो. म्हणून नुसती सच्छिद्रता हा गुण मानता येत नाही.

गॅलियमाचे उदाहरण बोधप्रद आहे. अर्धसंवाहकांसाठी अत्यावश्यक असलेल्या या धातूचे स्वतंत्र, खाणकामास परवडणारे धातुक तर जवळजवळ नाहीच. तो मुख्यतः बॉक्साइटापासून ॲल्युमिना काढताना मिळतो. चीनने २०२३ मध्ये त्याच्या निर्यातीवर नियंत्रण आणल्यावर इतर देशांना या उपउत्पादनाचे महत्त्व नव्याने जाणवले. बायर प्रक्रियेतील दाहक सोड्याच्या विद्रावात गॅलियम दर लिटरला मिलिग्रॅमांत, तर ॲल्युमिनियम ग्रॅमांत असते आणि दोहोंचे रासायनिक वर्तनही बरेच सारखे असते. पूर्वी पाऱ्याचा ऋणाग्र वापरून विद्युत् विच्छेदनाने गॅलियम काढीत. त्यात पारा विद्रावात जाई. याउलट ॲमिडॉक्झाइम गट असलेले रेझीन गॅलियमाला नांगीत धरल्यासारखे धरते व बहुतेक ॲल्युमिनियम सोडून देते. उरलेला विद्राव तसाच प्रक्रियेत परत जातो, हा मोठा लाभ होय. हा गट नायट्राइल गट असलेल्या रेझिनावर हायड्रॉक्सिलअमाइनाच्या विक्रियेने तयार करतात.

खरी अडचण पकडण्यात नसून सोडविण्यात आहे. अम्लाने धुतल्यास गॅलियम सुटते. पण ॲमिडॉक्झाइम गटांचे जलीय विच्छेदन होऊन दर फेरीस रेझिनाची धारणक्षमता घटते. त्यामुळे अल्कलीयुक्त विद्रावांनी धुण्याच्या पद्धतीही पुढे आल्या. शिवाय विद्रावातील व्हॅनेडियमही त्याच जागा व्यापते व सहजी निघत नाही. त्यामुळे नव्या रेझिनाची परीक्षा त्याच्या पहिल्या फेरीतील धारणक्षमतेवर न करता अनेक फेऱ्यांनंतर उरलेल्या क्षमतेवर करणे इष्ट ठरते.