त्रुटी सापडल्यावर कंपनी कशी वागते?

जून २०२३ च्या मध्यावर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातल्या सुरक्षा कर्मचाऱ्यांना ईमेलच्या नोंदींमध्ये काहीतरी खटकलं. खात्यातल्या मेलपेट्या कुणीतरी उघडून वाचत होतं, आणि वाचणारा नेहमीच्या वाटेने आलेला दिसत नव्हता. त्यांनी दुसऱ्या दिवशी मायक्रोसॉफ्टला कळवलं. मेलसेवा मायक्रोसॉफ्टची, सर्व्हर मायक्रोसॉफ्टचे, पहाराही मायक्रोसॉफ्टचा. चोरी मात्र ग्राहकाने पकडली.

सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीवर किती भरवसा ठेवायचा, हे ज्याला समजून घ्यायचं आहे त्याने हे प्रकरण आधी बघावं.

२०१६ ची किल्ली

आपण मेलमध्ये एकदा लॉगिन केलं की सेवा आपल्या नावाचं एक टोकन तयार करते. पुढे दरवेळी पासवर्ड न विचारता हे टोकन तपासलं जातं. ते खरं की खोटं हे त्यावरच्या डिजिटल सहीवरून ठरतं, आणि सही करण्याची गुप्त किल्ली फक्त कंपनीकडे असते. चीनशी संबंधित मानल्या जाणाऱ्या एका हॅकर टोळीच्या हाती अशीच एक किल्ली लागली. आता तिला कुणाच्या पासवर्डची गरज उरली नाही. ती स्वतःच टोकन बनवू शकत होती.

ही किल्ली २०१६ मध्ये तयार झालेली होती. अशा किल्ल्या ठरावीक काळाने बदलायच्या असतात. मायक्रोसॉफ्टमध्ये घरगुती ग्राहकांच्या खात्यांसाठीच्या किल्ल्या बदलण्याचं काम हाताने चालायचं. २०२१ मध्ये त्या कामातून क्लाउड सेवा मोठ्या प्रमाणावर बंद पडली आणि त्यानंतर किल्ल्या बदलणंच थांबलं. त्यात आणखी एक चूक होती. घरगुती खात्यांसाठीची किल्ली सरकारी आणि कंपन्यांच्या खात्यांनाही चालून गेली, कारण टोकन तपासणारा कोड हा फरक बघतच नव्हता.

२२ संस्था आणि ५०० हून अधिक व्यक्तींच्या मेलपेट्या उघडल्या गेल्या. त्यात अमेरिकेच्या तेव्हाच्या वाणिज्यमंत्री जीना रायमोंडो आणि चीनमधले राजदूत निकोलस बर्न्स होते. एकट्या परराष्ट्र खात्यातून सुमारे ६० हजार मेल गेले.

परराष्ट्र खात्याला चोरी दिसली, कारण कोणती मेल कधी उघडली गेली याची सविस्तर नोंद, म्हणजे लॉग, त्यांच्याकडे होता. तो लॉग महागड्या योजनेतच मिळत असे. स्वस्त योजना घेतलेल्या संस्थांना तीच चोरी दिसण्याचा मार्ग नव्हता. टीका झाल्यावर मायक्रोसॉफ्टने असे अनेक लॉग जादा पैसे न घेता द्यायचं जाहीर केलं. चोर आत आला का, हे कळण्याची सोय जादा शुल्काच्या यादीत टाकणं हे मुळातच चुकीचं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

सप्टेंबर २०२३ मध्ये कंपनीने किल्ली कशी गेली असावी याचा खुलासा प्रसिद्ध केला. २०२१ मध्ये एक यंत्रणा कोसळली, तिच्या स्मृतीची जी प्रत निघाली तिच्यात किल्ली राहून गेली, ती प्रत चोरांना सापडली, असं त्यात म्हटलं होतं. पण ती प्रत किंवा तिच्यात किल्ली असल्याचा पुरावा कंपनीला सापडलेलाच नव्हता. खुलासा बरोबर नाही हे कंपनीने नोव्हेंबरमध्ये सरकारी चौकशी मंडळापुढे मान्य केलं. जाहीर दुरुस्ती मात्र मार्च २०२४ मध्ये झाली, तीही मंडळाने वारंवार विचारणा केल्यावर. एप्रिलच्या सुरुवातीला मंडळाचा अहवाल आला. हा हल्ला टाळता आला असता, आणि कंपनीच्या सुरक्षेविषयीच्या संस्कृतीतच सुधारणा हवी, असं त्यात नोंदलं आहे. जूनमध्ये कंपनीचे अध्यक्ष ब्रॅड स्मिथ यांनी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे अहवालातल्या प्रत्येक मुद्द्याची जबाबदारी स्वीकारली.

किल्ली चोरीला जाणं गंभीर आहेच. मला त्याहून गंभीर वाटतो तो मधला काळ, जेव्हा चुकीचा खुलासा तसाच उभा होता आणि जगभरचे ग्राहक त्यावर विसंबून आपापली यंत्रणा तपासत होते.

त्रुटी राहतात कशा?

मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये कोडच्या कोट्यवधी ओळी असतात, आणि त्यातला बराचसा भाग दुसऱ्याने लिहिलेला, दुसरीकडून उचललेला असतो. त्यात बग निघणारच. एकही बग नाही असं सांगणाऱ्या विक्रेत्याशी बोलणी तिथेच थांबवावीत. यामागे पैशाचं गणितही आहे. बहुतेक परवाना करारांत सॉफ्टवेअर ‘जसं आहे तसं’ दिलेलं असतं आणि नुकसानभरपाईला आधीच हात वर केलेले असतात. त्रुटी शोधायचा खर्च कंपनीचा आणि राहिलेल्या त्रुटीचं नुकसान ग्राहकाचं, अशी वाटणी असेल तर नवं फीचर आधी आणि सुरक्षा नंतर हा क्रम आपोआप ठरतो.

पॅच आल्यानंतरची शर्यत

कंपनी त्रुटी दुरुस्त करून पॅच काढते तेव्हा काम संपलं असं वाटतं. प्रत्यक्षात त्या दिवशी शर्यत सुरू होते. भिंतीवर एके ठिकाणी ताजा गिलावा दिसला की भेग कुठे होती ते कळतं, तसे हॅकर जुना कोड आणि नवा कोड शेजारी ठेवून भोक नेमकं कुठे होतं ते काढतात आणि ज्यांनी पॅच मारलेला नाही त्यांच्या मागे लागतात.

१४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजमधली एक त्रुटी दुरुस्त केली. ती अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला, म्हणजे एनएसएला, आधीपासून ठाऊक होती. तिने ती कंपनीला न कळवता हेरगिरीसाठी राखून ठेवली होती, आणि ते हत्यार तिच्याकडून चोरीला गेलं. एप्रिलमध्ये ते सगळ्या जगासमोर आलं. १२ मे रोजी त्याच भोकातून ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर प्रोग्राम शिरला आणि सुमारे १५० देशांतल्या दोन लाखांहून अधिक संगणकांवरच्या फायली कुलूपबंद झाल्या. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेला हजारो रुग्णांच्या वेळा रद्द कराव्या लागल्या. पॅच दोन महिने आधी आलेला होता. जुन्या विंडोज एक्सपीसाठी मात्र तो खास सेवेचे पैसे भरणाऱ्यांनाच मिळत होता, तो हल्ल्यानंतर सर्वांना खुला झाला. त्यामुळे इथे दोष एकट्या कंपनीवर टाकता येत नाही. सरकारी संस्थेने त्रुटी लपवली, आणि अनेक कार्यालयांनी पॅच मारायला उशीर केला.

त्रुटी शोधणाऱ्याने ती कंपनीला कळवून किती दिवस गप्प बसावं, हा जुना वाद आहे. गूगलच्या ‘प्रोजेक्ट झीरो’ या २०१४ मध्ये सुरू झालेल्या गटाने ९० दिवसांची मुदत ठरवली. तेवढ्यात दुरुस्ती झाली नाही तर माहिती जाहीर होते. मुदत नसली की दुरुस्ती महिनोन् महिने रखडते, हा अनुभव जुना आहे. आपल्याकडे चांगल्या हेतूने त्रुटी शोधणाऱ्यालाही जपून राहावं लागतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ४३ आणि ६६ परवानगीशिवाय यंत्रणेत शिरण्याबद्दल आहेत, आणि त्यांत अशा संशोधकासाठी वेगळी सूट नाही.

अपडेटमधूनच शिरलेला हल्ला

अपडेट ताबडतोब घ्या, हा सल्ला योग्य आहे. पण अपडेट पाठवणारा सर्व्हरच हॅकरच्या ताब्यात असेल तर?

युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी बहुतेक व्यवसाय ‘एम.ई.डॉक’ हे सॉफ्टवेअर वापरत. ते बनवणाऱ्या छोट्या कंपनीच्या सर्व्हरमध्ये हॅकर शिरले आणि २०१७ च्या वसंतात नेहमीच्या अपडेटमधून त्यांनी चोरवाट पाठवली. २७ जूनला त्या वाटेने ‘नॉटपेट्या’ सुटला. तो खंडणी मागत होता, पण पैसे भरूनही फायली परत मिळण्याची सोय त्यात नव्हती. आपल्या सॉफ्टवेअरमधून हे पसरलं ही गोष्ट कंपनीने सुरुवातीला फेटाळून लावली.

मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीला नंतर ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक नव्याने उभे करावे लागले, आणि तिने २५ ते ३० कोटी डॉलरचं नुकसान सांगितलं. तिच्याच समूहाचं एक टर्मिनल उरणजवळ न्हावा शेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरात आहे. तिथलं कामकाजही ठप्प झालं. ‘एम.ई.डॉक’चं नावही कधी न ऐकलेल्या न्हावा शेव्यातल्या माणसांची कामं खोळंबली. आपण ज्या विक्रेत्याशी करार करतो त्याच्यामागे न दिसणारे आणखी किती विक्रेते उभे असतात, याचं यापेक्षा स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

कोड खुला असला तर?

यावर अनेकजण सांगतात की कोड सगळ्यांना वाचता येईल असं, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर वापरा. त्याला मोठा आधार आहे, पण वाचता येणं आणि कुणीतरी प्रत्यक्ष वाचलेलं असणं यात अंतर आहे. ओपनएसएसएल या मुक्त सॉफ्टवेअरमधली ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी मार्च २०१२ पासून एप्रिल २०१४ पर्यंत सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होती.

‘एक्सझेड’चं प्रकरण याहून बारकाईने बघण्यासारखं आहे. फायली लहान करण्याचं हे साधन असंख्य लिनक्स यंत्रणांत असतं, आणि ते अनेक वर्षं लासे कॉलिन नावाचा एक फिनिश माणूस बिनपगारी सांभाळत होता. २०२१ च्या सुमारास ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी मदतीला आलं. काम चांगलं, स्वभाव सोशिक. मधल्या काळात काही अनोळखी नावं कॉलिनच्या मागे लागली, की काम रेंगाळतंय, दुसऱ्याच्या हाती द्या. हळूहळू टॅनला नवी आवृत्ती प्रसिद्ध करण्याचा अधिकार मिळाला. २०२४ च्या फेब्रुवारी आणि मार्चमध्ये निघालेल्या दोन आवृत्त्यांमध्ये चोरवाट होती. तिचा मुख्य भाग चाचणीसाठी ठेवलेल्या फायलींत दडवलेला होता, आणि तो जोडून घेणारी ओळ फक्त प्रसिद्ध केलेल्या गठ्ठ्यात होती, सगळे वाचतात त्या कोडच्या भांडारात नव्हती.

आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा अभियंता. आपल्या यंत्रणेचा वेग मोजताना त्याला दिसलं की दूरस्थ लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय. दुसरा कुणी असता तर सोडून दिलं असतं. तो माग काढत एक्सझेडपर्यंत पोचला आणि २९ मार्चला त्याने ते उघड केलं. तोवर चोरवाट मुख्यतः चाचणीच्या आवृत्त्यांत गेली होती, सर्वसामान्य सर्व्हरांपर्यंत पोचली नव्हती. फ्रॉइंड नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्येच आहे. एकाच कंपनीत किल्ली बदलायची राहते आणि अर्ध्या सेकंदाचा छडाही लागतो, म्हणून कंपनीच्या नावावरून निवाडा करता येत नाही.

विक्रेत्याला काय विचारावं?

पहिला प्रश्न: आजवर कोणत्या त्रुटी तुम्ही स्वतः जाहीर केल्यात? जगभर सापडलेल्या त्रुटींना १९९९ पासून सीव्हीई क्रमांक दिले जातात. अनेक वर्षं विकल्या जाणाऱ्या उत्पादनाच्या नावावर एकही क्रमांक नसेल तर बहुधा कुणी शोधलेलंच नाही, किंवा गुपचूप दुरुस्त केलं गेलं. यादी लांब, पण दुरुस्ती लवकर आणि वर्णन स्पष्ट, असा विक्रेता मला जास्त भरवशाचा वाटतो.

त्यानंतर विचारावं की सुरक्षा अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळतील, लॉग कोणत्या योजनेत येतात, त्रुटी कळवायला पत्ता आहे का, आणि आत कुणाकुणाचा कोड आहे. युरोपीय संघाने यातलं बरंचसं कायद्यात आणलं. १० डिसेंबर २०२४ ला लागू झालेल्या तिथल्या कायद्यानुसार, हल्ल्यासाठी वापरली जाणारी त्रुटी कळली की उत्पादकाने २४ तासांत पहिली सूचना द्यायची आहे. हे कलम सप्टेंबर २०२६ पासूनचं, आणि उरलेल्या बहुतेक अटी डिसेंबर २०२७ पासूनच्या.

छोट्या बँकांचं काय?

३१ जुलै २०२४ रोजी देशातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांचे, मुख्यतः सहकारी आणि ग्रामीण बँकांचे, ग्राहक यूपीआयवरून पैसे पाठवू शकत नव्हते. त्या बँकांवर हल्ला झालेलाच नव्हता. त्यांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या ‘सी-एज’ या टीसीएस आणि स्टेट बँकेच्या संयुक्त कंपनीच्या यंत्रणेत खंडणीखोर सॉफ्टवेअर शिरलं, आणि लागण पसरू नये म्हणून राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने तिला जाळ्यापासून तोडलं. तोडणं बरोबरच होतं. दुसऱ्या दिवशी सेवा परत सुरू झाली.

सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे अशी घटना सहा तासांत सर्ट-इनला कळवावी लागते. ग्राहक बँकेला कधी कळवायचं, हा वेगळा प्रश्न. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२३ च्या निर्देशांत त्याचं उत्तर आहे: सेवा पुरवठादाराने विनाविलंब बँकेला सांगायचं, म्हणजे बँक ठरल्या वेळेत रिझर्व्ह बँकेला सांगू शकेल. पण नागरी सहकारी बँकांतल्या पहिल्या आणि दुसऱ्या श्रेणीच्या, म्हणजे लहान, बँका या निर्देशांतून वगळलेल्या आहेत. हे कलम करारात हवं असेल तर त्यांच्या संचालक मंडळांनी पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी ते स्वतःहून मागून, तासांचा आकडा लिहूनच घ्यायला हवं.