शेवटचे नाव गुन्हेगाराचे नसते

१५ मे २०१५ रोजी बंगळुरूच्या मिंत्रा या ऑनलाइन कपडे विकणाऱ्या कंपनीने आपले संकेतस्थळ बंद केले आणि खरेदी करायची तर ॲपवरूनच करा, असे गिऱ्हाइकाला बजावले. पुढच्याच वर्षी संकेतस्थळ परत सुरू करावे लागले, पण शहराची तेव्हाची हवा त्यातून कळते. सगळा धंदा ॲपवर आला म्हटल्यावर ते मध्येच बंद पडणे, म्हणजे क्रॅश होणे, हा थेट गल्ल्याचा प्रश्न झाला.

त्याआधीच, २०१२ मध्ये, याच शहरात लिटल आय लॅब्ज ही छोटी कंपनी निघाली होती. अँड्रॉइड ॲप चालताना किती मेमरी खाते, किती बॅटरी आणि डेटा ओढते, हे ॲप लिहिणाऱ्याला दाखवणारे साधन ती बनवत असे. जानेवारी २०१४ मध्ये फेसबुकने ती विकत घेतली. फेसबुकची ही भारतातली पहिली खरेदी, म्हणून चर्चा झाली ती मुख्यतः किमतीची. मला त्यात मोलाचा वाटतो तो त्या मंडळींचा दृष्टिकोन: क्रॅशचे कारण क्रॅशच्या क्षणात शोधायचे नाही, त्याच्या आधीच्या काळात शोधायचे.

अँड्रॉइड फोन आत सतत रोजनिशी लिहीत असतो. तिला लॉग म्हणतात, आणि केबल लावून ती वाचायच्या साधनाला लॉगकॅट. जागा ठरावीक, त्यामुळे नवी नोंद आली की सर्वांत जुनी पुसली जाते. सकाळी झालेल्या क्रॅशची तक्रार संध्याकाळी आली, तर फोनमधल्या लॉगमध्ये त्याची नोंद हाती लागेलच असे नाही. म्हणून क्रॅशलिटिक्ससारखी साधने आली, जी ॲप कोसळतानाच नोंद टिपून ठेवतात आणि पुन्हा उघडल्यावर कंपनीकडे धाडतात. ॲप उघडताक्षणीच कोसळत असेल, तर ही नोंद पोचेलच याची खात्री नसते. कंपनीच्या तक्त्यावर सगळे हिरवे दिसते आणि इकडे लोक ॲप काढून टाकत असतात.

क्रॅशच्या नोंदीत ‘फेटल एक्सेप्शन’ या शब्दांखाली स्टॅक ट्रेस येतो: कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले, याची उतरंड. नवखा माणूस वरची ओळ वाचतो आणि तिथेच दुरुस्ती करू लागतो. मुरलेला माणूस थेट खाली जाऊन शेवटचे ‘कॉज्ड बाय’ बघतो, कारण मूळ कारण बहुधा तिथे असते. पण तेही प्रत्येक वेळी खरे नाही. मेमरी संपून कोसळलेल्या ॲपचेच घ्या. ट्रेसमध्ये नाव येते ते शेवटची जागा मागणाऱ्याचे. त्या बिचाऱ्याने थोडीशीच मागितलेली असते. आधीच्या दहा स्क्रीनवरची चित्रे धरून बसलेला भलताच कोणीतरी असतो. त्याचे नाव ट्रेसमध्ये नसते.

‘ॲप प्रतिसाद देत नाही’ ही पाटी तर आणखी चकवते. बोट लावल्यावर पाच सेकंद ॲप हलले नाही की यंत्रणा सगळ्या थ्रेडची, म्हणजे ॲपच्या आत समांतर चालणाऱ्या कामांची, स्थिती लिहून घेते. ती लिहीपर्यंत मुख्य थ्रेड मोकळा झालेला असू शकतो. मग अहवालात ‘नेटिव्हपोलवन्स’ हे नाव दिसते, म्हणजे थ्रेड निवांत, नव्या कामाची वाट बघतोय. त्या नावामागे लागणे व्यर्थ.

कधी दोषी ॲपच्या बाहेरच असतो. मार्च २०२१ च्या २२-२३ तारखांना जगभरच्या अँड्रॉइड फोनवर जीमेलसह असंख्य ॲप पटापट बंद पडू लागले. ज्यांनी नवी आवृत्ती सोडलीच नव्हती, त्यांच्याही क्रॅशचे आकडे चढले. कारण निघाले वेबव्ह्यू, म्हणजे ॲपच्या आत वेबपान दाखवणारा गूगलचा भाग. गूगलने दुरुस्त आवृत्ती काढली. तोवर वेबव्ह्यूचे अपडेट काढून टाका, एवढाच उपाय होता. अशा वेळी आपला कोड पिंजत बसण्यापेक्षा शेजारच्या कंपनीत फोन करून ‘तुमचेही पडतेय का?’ विचारणे शहाणपणाचे.

आणि काही क्रॅश नोंदच ठेवत नाहीत. कमी मेमरीच्या फोनवर यंत्रणाच ॲपला संपवते. एक्सेप्शन नाही, ट्रेस नाही. वापरणाऱ्याला मात्र ‘ॲप बंद पडले’ एवढेच दिसते. आपण का संपलो, हे ॲपला नीट विचारता येऊ लागले ते २०२० च्या अँड्रॉइड ११ पासून. भारी फोन हातात असलेला इंजिनिअर ‘माझ्याकडे तर चालतंय’ म्हणतो, तेव्हा तो खोटे बोलत नसतो. पण त्याचा फोन त्याच्या गिऱ्हाइकाचा फोन नसतो. मुंबईत २०११ मध्ये सुरू झालेल्या ब्राउझरस्टॅकसारख्या कंपन्यांनी दूरवरचे खरे फोन चाचणीला भाड्याने देण्याचा धंदा उभारला, तो याच फरकावर.

नोंदीतले नाव आणि खरे कारण यांतला फरक आपल्या लिप्यांच्या बाबतीत ठळक दिसला तो फेब्रुवारी २०१८ मध्ये. तेलुगूतला ‘ज्ञा’ विशिष्ट पद्धतीने लिहून आयफोनवर पाठवला की तो दाखवायला जाणारे ॲप कोसळे. सूचनेत आला तर होम स्क्रीनही. क्रॅशची नोंद अक्षरे मांडणाऱ्या कोअरटेक्स्ट या भागाकडे बोट दाखवत होती, पण कोणती अक्षरे आणि का, ते तिच्यात नव्हते. तेव्हा मोझिलात असलेल्या मनीष गोरेगावकरने निरनिराळी जोडाक्षरे घालून पाहिली आणि नियम मांडला: व्यंजन, हलन्त, पुढे जोडले जाणारे व्यंजन, मग न दिसणारे विलगक चिन्ह आणि स्वर. तेलुगूत बहुतेक सगळी व्यंजने त्यात बसत होती, बंगालीत काही, आणि देवनागरीत दुसऱ्या जागी ‘र’; म्हणजे ‘क्रा’ लिहितानाही ते चिन्ह मध्ये पडले तर तीच गत. ‘एका तेलुगू अक्षराने आयफोन पाडला’ असे मथळे तोवर छापून झाले होते. ॲपलने १९ फेब्रुवारीला ११.२.६ ही आवृत्ती काढून दोष मिटवला.